वालात तेल ते किती?
(मोड येणाऱ्या कडधान्यांतील लिपिडांवरच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे अन्नघटकांचे जुने तक्ते उघडले की कडधान्यांच्या स्निग्धांशाचा रकाना लगेच लक्ष वेधून घेतो. 100 ग्रॅम कुळथात अर्धा ग्रॅम, वालात 0.8, मुगात 1.3, हरभऱ्यात 5.3, सोयाबीनमध्ये 19.5 आणि शेंगदाण्यात 40.1. सगळी एकाच शिंबावर्गीय कुळातली, पण पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात ऐंशीपट अंतर. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत भात निघाल्यावर ओलीवर आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीवर जी कडधान्यं पिकतात, ती बहुतेक या यादीच्या खालच्या टोकाची आहेत: वाल, पावटा, कुळीथ, चवळी, मूग, उडीद. मग इथल्या बी.एस्सी.च्या मुलामुलींसाठी 'मोड येताना लिपिडांचं काय होतं' या विषयावर पुस्तिका कशाला, असा प्रश्न कुणीही विचारील. वालात तेल ते किती, आणि त्याचं कौतुक ते काय!

या पुस्तिकेचं म्हणणं असं की वालातला हा चिमूटभर स्निग्धांशच पुष्कळ गोष्टी ठरवतो. दाणा भिजेल की गणंग राहील, भिजवणाचं पाणी गढूळ होईल की नितळ राहील, मागच्या वर्षीचं बियाणं उगवेल की कुजेल, कच्चे मोड वाटले की हिरवट वास का येतो, या सगळ्यात त्याचा हात आहे. प्रथिनांवर आणि पिष्टावर भरपूर लिहिलं गेलं आहे. मोडांतली जीवनसत्त्वं तर दर श्रावणात वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून नव्याने सापडतात. लिपिडांकडे मात्र आपण फक्त 'तेल' म्हणून पाहतो आणि तेल नाही म्हटल्यावर पान उलटतो.

सुरुवात दाण्याच्या सालीपासून करावी, कारण पाणी तिथूनच आत येतं. कडवे वाल रात्री भिजत घातले की पहिल्या तासाभरात दाणा फुगत नाही, आधी साल सुरकुतते. साल पाणी पिऊन ताणली जाते, आतली दळं अजून कोरडीच असतात, म्हणून ती सैल पडते. मग हळूहळू दळं फुगतात आणि सुरकुत्या मोडतात. वालाच्या कडेला जो पांढरा उंच पट्टा असतो, तिथे नीट पाहिलं तर त्याच्या आसपासची साल आधी सैल होते. एखादा दाणा मात्र सकाळपर्यंत तसाच टणक, चकचकीत राहतो. हा गणंग. शिजवला तरी दाताखाली खडा आल्यासारखा लागतो. कुळथात असे दाणे बरेच निघतात. बियांच्या सालीत उभ्या, घट्ट रचलेल्या पेशींचा एक थर असतो आणि त्याच्या बाहेर क्युटिन आणि मेण यांचं अस्तर. क्युटिन हे स्निग्धाम्लांच्या रेणूंची एकमेकांत गुंफण होऊन बनतं. या अस्तराला कुठे बारीक भेग असेल तर पाणी शिरतं, नसेल तर दाणा वर्षानुवर्षं कोरडा राहू शकतो. रानात हा फायद्याचा गुण आहे: एका पावसाने सगळं बी उगवून पुढच्या कोरड्या पंधरवड्यात सगळंच मरून जाऊ नये यासाठी. शेतकऱ्याला आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला तो नकोसा असतो, आणि हजारो वर्षांच्या लागवडीत माणसाने तो निवडून निवडून कमी केला आहे.

पाणी आत शिरलं की पेशींच्या पटलांची परीक्षा सुरू होते. प्रत्येक पेशीभोवती आणि तिच्या आतल्या प्रत्येक कप्प्याभोवती फॉस्फोलिपिडांचं दुहेरी पटल असतं. वाळलेल्या बियात दहा-बारा टक्केच पाणी उरतं, तेव्हा ही रचना विस्कटलेली असते. मे महिन्यात शेताच्या बांधाला भेगा पडतात, पहिल्या पावसात तो गळतो आणि माती फुगून भेगा बुजल्या की पाणी अडवू लागतो. भिजणाऱ्या बियाचंही तसंच आहे. पहिल्या काही मिनिटांत पेशींतली साखर, अमिनो आम्लं, पोटॅशियमसारखे क्षार बाहेर झिरपतात. मग पटलं पुन्हा नीट बसतात आणि गळती थांबते. ताज्या, निरोगी बियाची गळती लवकर आवरते, जुन्या किंवा मार लागलेल्या बियाची आवरत नाही. वाटाण्याच्या बियाण्याची ताकद मोजायची आंतरराष्ट्रीय मान्यतेची एक पद्धत यावरच उभी आहे. बी ठरावीक वेळ ठरावीक पाण्यात ठेवायचं आणि त्या पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजायचं. जास्त वीज म्हणजे जास्त क्षार, म्हणजे फाटकी पटलं, म्हणजे कमकुवत बियाणं. वालाच्या दाण्यात फॉस्फोलिपिड ते किती? पण पेरणीच्या वेळी बी दगा देणार की नाही, हे तेवढ्यावरच ठरतं.

इथे तक्त्यातल्या 0.8 या आकड्याकडे परत यायला हवं, कारण तो अपुरा आहे. अन्नतक्त्यांतला स्निग्धांश बहुधा ईथरसारख्या द्रावकाने सॉक्सलेटच्या उपकरणात काढलेला असतो. जर्मन रसायनज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी 1879 साली दुधातल्या स्निग्धांशासाठी मांडलेलं हे उपकरण आजही प्रत्येक महाविद्यालयाच्या कपाटात असतं. ईथरमध्ये तेल नीट उतरतं, पण पटलांतली फॉस्फोलिपिडं आणि गॅलॅक्टोलिपिडं, जी प्रथिनांना चिकटून असतात, ती पूर्णपणे सुटत नाहीत. त्यांना ओढून काढायला क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉलचं मिश्रण लागतं. ही पद्धत 1957 मध्ये फोल्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या ऊतींसाठी, आणि 1959 मध्ये कॅनडातल्या ब्लाय आणि डायर यांनी माशांसाठी बसवली. तेलकट शेंगदाण्यात दोन पद्धतींच्या उत्तरांत फारसा फरक पडत नाही. वाल-कुळथासारख्या कोरड्या दाण्यात मात्र पडतो, कारण इथे एकूण लिपिडांत पटलांचाच वाटा मोठा. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांच्या प्रयोगशाळांत पुढे नोकरीला लागणारी बरीच मुलं इथल्याच महाविद्यालयांतून जातात. कोणत्या द्रावकात काय उतरतं हे तिथे शिकवलं जाईलच, पण ते आधी आपल्या शेतातल्या दाण्यावर शिकलेलं बरं. क्लोरोफॉर्म उघड्या बाकावर हाताळायचा नाही, धूरकपाटातच, हेही तेव्हाच अंगवळणी पडावं.

प्रयोग करणाऱ्याला आणखी एक अडचण येते. मोड आलेला दाणा खलात चिरडला की त्यातली विकरं, विशेषतः फॉस्फोलायपेज डी, लगेच कामाला लागतात आणि फॉस्फोलिपिडांचे तुकडे पाडतात. मग 'मोड आल्यावर फॉस्फॅटिडिक आम्ल फार वाढलं' असा निष्कर्ष निघतो. ते मोडात वाढलेलं नसतं, खलात वाढलेलं असतं. म्हणून मोड आधी गरम आयसोप्रोपॅनॉलमध्ये टाकून विकरं मारायची आणि मग लिपिडं काढायची. ही एक पायरी गाळल्यामुळे किती प्रकल्प-वह्यांतले आलेख वाया गेले असतील!

आता शेंगदाण्याकडे वळू. साठवलेलं तेल कसं खर्ची पडतं, हे वालात दिसत नाही, ते शेंगदाण्यात डोळ्यांनी दिसतं. शेंगदाण्याच्या दळात तेल लहान थेंबांच्या रूपात असतं. एकेक थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. प्रत्येकाभोवती फॉस्फोलिपिडांचा एकेरी थर आणि त्यात रुतलेलं ओलिओसिन नावाचं प्रथिन. हे प्रथिन थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. मोड येऊ लागले की लायपेज विकर या थेंबांवर येऊन ट्रायग्लिसराइडं फोडतं आणि सुटलेली स्निग्धाम्लं ग्लायऑक्सिसोम नावाच्या कप्प्यात जातात. तिथे त्यांचे दोन-दोन कार्बनचे तुकडे होतात. पुढची पायरी प्राण्यांना जमत नाही. चरबीपासून निव्वळ साखर तयार करायची सोय आपल्या शरीरात नाही. रोप ते करतं. आयसोसायट्रेट लायेज आणि मॅलेट सिंथेज या दोन विकरांच्या जोरावर ते कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने होणारी नासाडी टाळतं आणि तेलाची साखर करून कोंबाकडे धाडतं. हे चक्र हान्स कॉर्नबर्ग आणि हान्स क्रेब्ज यांनी 1957 साली जिवाणूंमध्ये दाखवलं. नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडमध्ये आलेले हे दोघे. त्याच वर्षी हॅरी बीव्हर्स यांनी कॉर्नबर्ग यांच्यासह तेच चक्र एरंडाच्या मोडांत चालतं असं दाखवलं, आणि 1967 मध्ये ब्रायडनबाख आणि बीव्हर्स यांनी ते ज्या कप्प्यात चालतं तो वेगळा काढून त्याला ग्लायऑक्सिसोम हे नाव दिलं. एरंड शिंबावर्गातला नाही, पण शेंगदाण्यात आणि सोयाबीनमध्ये यंत्रणा तीच.

हे घरी बघायचं तर कच्चे, न भाजलेले, सालीसकट शेंगदाणे ओल्या फडक्यात ठेवावेत. रोज एक दाणा काढून, पुसून, वाळवून, तपकिरी कागदावर दाबून घासावा. पहिल्या दिवशी कागदावर पारदर्शक डाग पडतो. कोंब लांब होत जातो तसा डाग लहान आणि फिका होत जातो. चव घेतली तर दाणा गोडसर लागतो. रसायनशास्त्राच्या कोणत्याही उपकरणाशिवाय तेलाची साखर झालेली जिभेला कळते. हाच प्रयोग वालावर केला तर पहिल्या दिवशीच डाग दिसत नाही, आणि ते बरोबरच आहे. वालाची शिदोरी पिष्टाची.

श्वसनातही हा फरक उतरतो. पिष्ट जाळणारं बी जेवढा ऑक्सिजन घेतं जवळजवळ तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणजे गुणोत्तर 1 च्या आसपास. तेल जाळणाऱ्या बियाचं ते 0.7 च्या आसपास येतं, कारण तेलात मुळात ऑक्सिजन कमी, त्यामुळे तो बाहेरून जास्त घ्यावा लागतो. हवा नसेल तर तेल जळत नाही. या गोष्टीचा महाड-पोलादपूरच्या शेतीशी थेट संबंध आहे. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या काठच्या खाचरांत पावसाळ्यात पाणी तुंबतं. भाताचं बी पाण्याखालीही कोंब काढू शकतं. मोड आणलेलं भात चिखलावर फेकायची रहू पद्धत रायगडच्या भातकऱ्यांना ठाऊकच आहे. शेंगदाणा किंवा सोयाबीन तुंबलेल्या पाण्यात टाकलं तर ते गुदमरून कुजतं. वाल तेलकट नसला तरी त्यालाही साचलेलं पाणी सोसत नाही. हवेविना त्याची पटलं दुरुस्त होत नाहीत आणि गळलेल्या साखरेवर बुरशी वाढते. भात निघून खाचर निथळल्यावर, उरलेल्या ओलीवर आणि पुढे दवावर वाल घ्यायचा, हा क्रम इथल्या शेतकऱ्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेविना बसवला. 22 जुलै 2021 च्या पुरात महाड शहरात घरंच्या घरं पाण्याखाली गेली. ज्यांच्या घरात पुढच्या हंगामाचं बी होतं, त्यांना पाणी ओसरल्यावर ते वाळवूनही उपयोग नव्हता. एकदा पाणी पिऊन गुदमरलेलं बी पुन्हा वाळवलं तरी जिवंत होत नाही.

दाण्याचे दोन भाग वेगळे मोजले तर एक गंमत दिसते. दळांतली फॉस्फोलिपिडं मोड येताना कमी होत जातात, आणि कोंबात व मुळात त्याच वेळी वाढत जातात. नव्या पेशी म्हणजे नवी पटलं, आणि नव्या पटलांना माल हवा. अख्खा दाणा एकत्र वाटून मोजला तर ही हालचाल झाकली जाते आणि 'काही बदल नाही' असा आकडा हाती येतो. रोप उजेडात आलं की आणखी एक पान उलटतं. वालाची दळं जमिनीच्या वर येतात, हिरवी होतात आणि काही दिवस पानांचं काम करून मग गळतात. तुरीची आणि हरभऱ्याची मात्र मातीतच राहतात. हिरवं होणं म्हणजे हरितलवकांची पटलं घडणं, आणि ती पटलं मुख्यतः गॅलॅक्टोलिपिडांची असतात. त्यांत फॉस्फरस लागत नाही, साखर लागते. फॉस्फरस जपून वापरायची ही वनस्पतीची रीत आहे. याच टप्प्यावर स्निग्धाम्लांचाही तोंडवळा बदलतो. हरभऱ्याच्या किंवा शेंगदाण्याच्या बियात लिनोलिक आणि ओलिक आम्लांचं राज्य असतं, पानांत लिनोलेनिकचं. उडीद याला अपवाद: त्याच्या बियातच लिनोलेनिक भरपूर असतं. थंडीत वाढणाऱ्या रोपांच्या पटलांतही असंतृप्त आम्लांचं प्रमाण वाढतं, त्यामुळे पटलं गोठून ताठ होत नाहीत. डिसेंबरात पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर मोड यायला वेळ लागतो आणि महाडच्या मे महिन्यात ते लवकर येतात, हे घरोघरी ठाऊक आहे. दोन्ही मोडांतली लिपिडं तंतोतंत सारखी नसतात, हे त्याच्या पुढचं.

मग हिरवट वास. कडधान्यांच्या दाण्यांत लिपॉक्सिजनेज नावाचं विकर मुबलक असतं. सोयाबीनमधून ते 1947 साली थियोरेल, होल्मन आणि ओकेसन यांनी स्फटिकरूपात वेगळं काढलं. दाणा अखंड असतो तोवर ते गप्प असतं. दाणा चिरडला, हवा मिळाली, की ते लिनोलिक आणि लिनोलेनिक आम्लांवर तुटून पडतं आणि त्यातून हेक्झॅनलसारखे उडून जाणारे पदार्थ सुटतात. कच्च्या मोडांची चटणी वाटताना नाकात जातो तो हाच. सोयाबीनचं दूध काढताना दाणे उकळत्या पाण्यातच वाटले तर हा वास टळतो, हे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात 1960 च्या दशकात दाखवलं गेलं. आपल्याकडे बिरडं करताना वाल अख्खे सोलून थेट फोडणीत किंवा उकळत्या पाण्यात जातात, वाटले जात नाहीत, त्यामुळे तो प्रश्न उभाच राहत नाही. रोपाला या विकराचा उपयोग वेगळा: किडीने चावा घेतला की लिनोलेनिक आम्लापासून जॅस्मॉनिक आम्ल बनवायच्या वाटेवरची पहिली पायरी हीच, आणि त्या आम्लाच्या इशाऱ्यावर रोप बचावाला लागतं.

साठवणीचा विषय पुस्तिकेत सविस्तर आला आहे, इथे थोडक्यात. बी म्हातारं होतं म्हणजे मुख्यतः त्याच्या पटलांतल्या असंतृप्त आम्लांना ऑक्सिजन खात जातो. ओल आणि ऊब असेल तर हे झपाट्याने होतं. बियाण्याची ओल एक टक्क्याने उतरली की साठवणीचं आयुष्य दुप्पट होतं, आणि तापमान सुमारे 5 अंश सेल्सियसने उतरलं की पुन्हा दुप्पट, असा हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम आहे. महाड-पोलादपूरच्या जुलैत हवाच इतकी ओली की झाकण सैल असलेल्या डब्यातलं बी ओल ओढून घेतंच. मार्च-एप्रिलच्या उन्हात कडकडीत वाळवून, राख मिसळून, तोंड लिंपून ठेवलेल्या मडक्यातलं बियाणं टिकतं ते याचमुळे. कडधान्याला वरून तेलाचा हात लावण्याची रीत मात्र भुंग्यांसाठी. भुंगा सालीवर अंडी चिकटवतो, तेलाने त्यांची हवा बंद होते. आतल्या लिपिडांशी त्याचा संबंध नाही.

आकड्यांबद्दल एक इशारा द्यायलाच हवा, कारण आरोग्यविषयक लेखांत 'मोड आल्यावर फॅट निम्मं होतं' हे वाक्य फार फिरतं. समजा 100 ग्रॅम कोरड्या वालात 0.8 ग्रॅम स्निग्धांश आहे. मोड आल्यावर ते पाणी पिऊन 200 ग्रॅम झाले, तर 100 ग्रॅम मोडांत 0.4 ग्रॅम. काहीही जळलं नाही, फक्त पाणी मिसळलं. उलट बाजूनेही फसगत होते. मोड येताना पिष्ट जळून कोरडा ऐवज 100 चा 92 ग्रॅम उरला आणि स्निग्धांश 0.8 चा 0.75 झाला, तर टक्केवारी 0.8 वरून 0.815 वर चढते, आणि कुणीतरी लिहितं की मोडांत स्निग्धांश वाढला. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक मापन दर शंभर दाण्यांमागे दिलं आहे. दाणे मोजायला कंटाळा येतो, पण दुसरा प्रामाणिक मार्ग नाही.

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून कोकणातल्या पिकांवर काम करतं आहे आणि त्याने कडधान्यांच्या सुधारित जाती दिल्या आहेत. पण खाचरांच्या बांधांवर आणि वरकसावर घरचं बी राखणाऱ्या माणसांकडचे वाल अजून वेगवेगळे आहेत: रंगाने, कडूपणाने, सालीच्या जाडीने. वाचकांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना एकच सांगणं आहे. बियाणं बरणीत भरताना त्यावर चिठ्ठी लावा: गाव, जमीन, काढणीचा महिना, वर्ष. पुस्तिकेतला पहिला प्रयोग भिजवणाच्या पाण्याचा आहे. त्याला यंदाचे आणि मागच्या वर्षीचे, एकाच शेतातले वाल लागतील, आणि चिठ्ठी नसेल तर तो करता येणार नाही.